हिरकणी आणि सोमल

आमच्या बडोद्यात, दांडिया बाजारातल्या एखाद्या जुन्या मराठी घरात इथले एकेकाळचे महाराज मल्हारराव गायकवाड यांचा विषय निघाला की कोणीतरी वडीलधारे आवाज खाली आणून सांगतातच, "रेसिडेंटाला हिरा कुटून पाजला होता!" त्या सरबतात सोमलही (आर्सेनिकचे विष) सापडला होता, हे मात्र क्वचितच कोणी सांगते, कारण सोमल बिचारा उंदरांसाठीचा, राजाच्या कटाला तो शोभत नाही.

९ नोव्हेंबर १८७४ रोजी रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांनी पपनसाच्या रसाचे दोन-चार घोट घेतले, उरलेला रस ओतून दिला आणि पेल्याच्या तळाशी त्यांना काळपट गाळ दिसला; तपासणीत त्यात सोमल आणि हिऱ्याची पूड आढळली. विषप्रयोगाचा आळ मल्हाररावांवर आला; चौकशी आयोगातल्या तिघा इंग्रजांना महाराज दोषी वाटले, तिघा हिंदी सदस्यांना वाटले नाहीत, आणि अखेर १८७५ मध्ये गैरकारभाराचे कारण पुढे करून मल्हाररावांना गादीवरून काढून मद्रासला पाठवण्यात आले.

आता गंमत पाहा. हिरा म्हणजे निव्वळ कार्बन. जठरातले आम्ल त्याचे काहीही बिघडवू शकत नाही आणि बारीक पूड गिळली तर ती आली तशी निघून जाते. विष होते ते सोमल, ज्याला हिऱ्याच्या मानाने कवडीही पडत नाही. ज्या घराण्यातल्या खंडेरावांनी एका हिऱ्यासाठी ८०,००० पौंड मोजले, त्या घराण्याच्या नावावर विषही भारीतलेच खपणार, हे ओघानेच आले.

हा भ्रम एकट्या बडोद्याचा नाही. सोळाव्या शतकातला फ्लॉरेन्सचा सोनार चेल्लिनी याने आत्मवृत्तात लिहिले आहे की, तुरुंगात त्याला मारण्यासाठी एका सोनाराकडे हिरा कुटायला दिला होता. पण त्या सोनाराने हिरा स्वतःकडे ठेवून हलका खडा कुटून दिला, म्हणून आपण वाचलो. खरा हिरा पोटात गेला असता तरी हा गृहस्थ वाचलाच असता, फक्त त्या लबाड सोनाराला नफा झाला नसता.

हे सारे मी परवा काकांना सविस्तर सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले, काकूंच्या बोटातली हिऱ्याची अंगठी काढून माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "मग चाटून दाखव." अंगठी धुतलेली नाही, हे मी दिलेले कारण घरात अजून कोणालाही पटलेले नाही.