बटण दाबून बांध सापडत नाही

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्यात एका भूकरमापकाचा सत्कार झाला. शाल, नारळ, सन्मानपत्र, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून एक मेसेज फिरायला लागला. गावाच्या ग्रुपवर आला, भाऊबंदांच्या ग्रुपवर आला, वकिलांच्या ग्रुपवरही आला. मजकूर थोडक्यात असा: ‘मोजणीवाल्याला पुरस्कार कशाचा? आता सॅटेलाईट आणि ड्रोन मोजतात, हा फक्त बटण दाबतो. शेत तर मोबाईलच्या अ‍ॅपवर पण मोजता येतं. सातबारावर क्षेत्र लिहिलेलंच असतं. हे लोक पैसे घेतल्याशिवाय बांधावर येत नाहीत. इतिहासात कुणा मोजणीवाल्याचं नाव ऐकलंय का? पगार घेतात, काम करतात, त्यात उत्कृष्ट ते काय?’

मी तालुका कोर्टात दिवाणी दावे चालवतो. वीस वर्षांत बांधाचे दावे इतके पाहिलेत की ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची खातेदाराला मिळणारी प्रत, हातात घेतली की कागदावरून माणूस कळतो. म्हणून या मेसेजमधल्या एकेका वाक्याला उत्तर देतो.

‘सॅटेलाईट मोजतो, हा फक्त बटण दाबतो.’ सगळा घोळ या वाक्यात आहे, म्हणून इथे जरा थांबू. भूकरमापकाच्या हातात आज रोव्हर, म्हणजे सॅटेलाईटवरून जागा सांगणारं यंत्र, असतो हे खरं. भारतीय सर्वेक्षण विभागाने राज्यात 77 कॉर्स केंद्रं, म्हणजे सॅटेलाईटचे संकेत सतत घेणारी कायमची ठाणी, उभी केली आहेत. तिथून रोव्हरला दुरुस्ती मिळते आणि तो काही सेंटिमीटरच्या आत जागा सांगतो. पण कोणती जागा? आपण आत्ता जिथे उभे आहोत ती. आजोबांच्या वेळी बांध कुठून गेला होता, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ते जुन्या मोजणीच्या कागदांत, म्हणजे टिपणात असतं, गुणाकार बुकात असतं, फाळणी नकाशात असतं, आणि उरलेलं जमिनीत पुरलेलं असतं.

हद्द कायमची मोजणी म्हणजे आधी लगतच्या खातेदारांना नोटीस, मग जागेवर जाऊन आजची वहिवाट मोजायची, आणि त्या नकाशावर जुना नकाशा बसवायचा. बसवायचा कशाच्या आधारे? जुन्या खुणांच्या. शिवेचा दगड, जुन्या विहिरीचा कोपरा, नाल्याचं वळण. जुनं माप साखळीने घेतलेलं. 33 फुटी साखळी, तिचे 16 आणे, आणि 33 गुणिले 33 म्हणजे 1089 चौरस फुटांचा गुंठा. आपल्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात फाटते आणि पावसाळ्यात फुगते, त्यात दगड कलतो, खाली जातो. वरून ट्रॅक्टर, त्यावरून जेसीबी. बांध कोरणारे भाऊबंद तर प्रत्येक गावात आहेत. या सगळ्यातून कुठली खूण मूळची आणि कुठली मागाहून हलवलेली, हे ठरवायचं काम बटणाचं नाही.

गिरणा नदीच्या काठच्या एका दाव्यात मोजणीवाला साक्षीला आला होता. उलटतपास मीच घेत होतो. माझ्या अशिलाचं म्हणणं एकच, ‘दगड तठेच शे, आप्पा,’ म्हणजे दगड तिथेच आहे. मी विचारलं, ‘नकाशातला ईशान्येचा दगड तुम्हाला मिळाला का?’ तो म्हणाला, ‘नाही वकीलसाहेब. दोन हात खणलं, मिळाला नाही. वर जो दगड दाखवतात तो माती न लागलेला होता, तो मी धरला नाही. पश्चिमेच्या शिवेचे दोन दगड मिळाले आणि विहिरीचा कोपरा टिपणात आहे, ते तीन धरले.’ मी कागद उलटून पाहिला. नकाशाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: कोणती खूण मिळाली, कोणती नाही, तीन खुणांमधलं नकाशाप्रमाणे अंतर किती, जागेवर किती, फरक किती. पुढे विचारायला माझ्याजवळ काही उरलं नाही. माझा अशील तो दावा हरला. हरलेल्या बाजूचा वकील म्हणून सांगतो, ते काम उत्कृष्ट होतं. ‘मला सापडलं नाही’ हे सरकारी कागदावर सही करून लिहायला धाडस लागतं, कारण तिथेच त्याला सगळे पकडणार असतात.

आता ड्रोन. गावठाणातल्या घरांची ड्रोनने मोजणी करणारी केंद्राची स्वामित्व योजना 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झाली. त्याआधी पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत आपल्या राज्याने गावठाणाची ड्रोन मोजणी करून पाहिली होती. हे काम मुख्यतः गावठाणाचं आहे, शिवारातल्या बांधांचं नाही. आणि गावठाणातही ड्रोन उडायच्या आधी गल्लीगल्लीत हद्दीवर चुन्याची रेघ मारावी लागते. ती रेघ कुठे मारायची यावरून दोन घरं समोरासमोर उभी राहतात, तेव्हा मध्ये माणूसच असतो. शिवाय ड्रोनला वरून पत्र्याची कड दिसते, भिंत दिसत नाही. वळचण दीड फूट पुढे आलेली असेल तर फोटोतलं घर खऱ्या घरापेक्षा दीड फूट मोठं. खाली जाऊन भिंत बघून ते दुरुस्त करणाऱ्याचं नाव फोटोवर येत नाही.

‘अ‍ॅपवर शेत मोजता येतं.’ ठिबकच्या नळ्या किती लागतील याचा अंदाज घ्यायला जरूर मोजा. पण मोकळ्या आभाळाखाली साध्या मोबाईलची जागा साधारण 5 मीटरपर्यंत इकडेतिकडे असू शकते. 100 मीटर लांबीच्या बांधावर रेघ 5 मीटर सरकली तर 500 चौरस मीटर झाले, म्हणजे जवळपास 5 गुंठे. रावेर-यावलच्या केळीबागेत, पानांच्या छताखाली, आणखी वाईट. माझ्याकडे अ‍ॅपचा स्क्रीनशॉट घेऊन लोक येतात आणि शेजाऱ्यावर दावा लावा म्हणतात. मी त्यांना आधी मोजणीचा अर्ज करायला पाठवतो.

‘सातबारावर क्षेत्र आहेच.’ आहे, आणि महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे उलट सिद्ध होईपर्यंत ती नोंद खरी मानली जाते. पण सातबारा क्षेत्र सांगतो, रेघ सांगत नाही. दोन भावांत तोंडी वाटणी होते, खरेदीखतावरून फेरफार पडतो, पोटहिस्सा कधी मोजलेलाच नसतो. मग पुढे कुणी मोजणी आणली आणि चार गुंठे कमी भरले, की शिव्या मोजणीवाल्याला.

‘पैसे घेतल्याशिवाय येत नाहीत.’ हे वाक्य मी झटकून टाकणार नाही, कारण ते लोक अनुभवातून बोलतात. आमच्याच घरच्या शेताची मोजणी झाली तेव्हा आलेला माणूस निंबाखाली बसला, आधीच्या नकाशावरून रेघा ओढल्या, आणि पूर्वेच्या कोपऱ्यापर्यंत चालतही गेला नाही. माझे वडील, तेव्हा पंच्याहत्तरीचे, त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या धरून उभे होते. ती चूक निमताना मोजणीत, म्हणजे हरकत घेतल्यावर वरच्या अधिकाऱ्याने केलेल्या फेरमोजणीत, निघाली, पण तोवर शेजारच्या घराशी आमचं लग्नकार्याचं येणंजाणं तुटलं होतं. ते अजून जुळलेलं नाही. तर राग मलाही आहे.

आणि हा राग आजचाही नाही. 1852 साली इंग्रजांचा महसुली सर्व्हे खानदेशात आला तेव्हा शेतकरी त्याच्याविरुद्ध उठले होते. साखळी शेतात आली की मागून शेतसाऱ्याचा आकडा येतो, ही भीती तेव्हापासूनची आहे. पण या रागातून मेसेज जे मागतो ते उलटं आहे. निंबाखाली बसणारा आणि दोन हात खणणारा, दोघांनाही सारखंच ‘मोजणीवाले’ म्हणून मोडीत काढलं, तर पहिल्याचं काय बिघडलं? त्याचं बरंच झालं. बिघडलं ते खणणाऱ्याचं, आणि उद्या त्याच्या हाताखाली शिकणाऱ्या पोराचं.

‘इतिहासात कुणाचं नाव ऐकलंय?’ ऐकलं नसेल तर ऐका. भारताची मोठी त्रिकोणमितीय मोजणी 10 एप्रिल 1802 रोजी मद्रासजवळ सुरू झाली. आज तोच दिवस राष्ट्रीय सर्वेक्षण दिन म्हणून पाळतात. ती सुरू करणारा विल्यम लॅम्ब्टन 1823 साली काम चालू असतानाच वारला, आपल्याच राज्यात, वर्ध्याजवळ हिंगणघाटला. नैनसिंग रावत हा कुमाऊंचा शाळामास्तर याच सर्व्हेसाठी 100 मण्यांची माळ घेऊन पावलं मोजत ल्हासापर्यंत गेला. मैलाला 2000 पावलं, शंभर पावलांना एक मणी. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने 1877 साली त्याला सुवर्णपदक दिलं.

सर्व्हेत आकडेमोड करणाऱ्या राधानाथ सिकदारांची गोष्ट मात्र मनाला लागते. जगातलं सर्वांत उंच शिखर कोणतं हे 1852 साली त्यांच्या आकडेमोडीतून निघालं. 1865 साली शिखराला नाव मिळालं ते निवृत्त होऊन विलायतेत गेलेल्या वरिष्ठाचं, एव्हरेस्टचं. सर्व्हेच्या सरकारी पुस्तकाच्या 1851 च्या आवृत्तीत सिकदारांचे आभार छापले होते. ते 1870 साली वारले आणि 1875 च्या आवृत्तीत तो उल्लेखच गाळला गेला. मेसेज लिहिणाऱ्याने नाव ऐकलं नाही, त्याचं कारण हे आहे.

आणि खानदेशच्या माणसाने तर हा प्रश्न विचारूच नये. चाळीसगावजवळ पाटणादेवीला जा. पाटणच्या 1207 सालच्या शिलालेखात लिहिलंय की भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला, आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिलं. भास्कराचार्यांच्या 1150 च्या ‘लीलावती’त शेताचं क्षेत्र काढण्याचा क्षेत्रव्यवहार आहे, सावलीवरून माप काढण्याचा छायाव्यवहार आहे. आठशे वर्षांपूर्वी इथल्या राजाला मापाच्या विद्येला दिलेलं दान दगडावर कोरून ठेवावंसं वाटलं. आपण एका शालीवरून भांडतोय.

राहिलं शेवटचं, ‘पगार घेतात, त्यात उत्कृष्ट काय?’ यातली एक गोष्ट मी मान्य करतो. पुरस्कार कुणाला आणि कशावरून, हे नीट ठरत नाही. 18 जुलै 2023 रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते ‘भूमी सन्मान’ दिले गेले, 9 राज्यांच्या सचिवांना आणि 68 जिल्हाधिकाऱ्यांना, त्यांच्या पथकांसह. भूमी अभिलेखांचं संगणकीकरण पूर्ण केल्याबद्दलचा तो सन्मान होता आणि काम मोठंच होतं. पण बांधावरच्या माणसाचा सन्मान बांधावरून ठरायला हवा. त्याने महिन्यात किती प्रकरणं निकाली काढली हा आकडा मला नको. त्याच्या किती मोजण्या निमतान्यात टिकल्या ते बघा. न मिळालेल्या खुणा त्याने कागदावर लिहिल्या का ते बघा. दोन प्रती काढून परीक्षकांनी स्वतः त्या शेतात जावं, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

उत्कृष्ट आणि चालतंय यांतला फरक कुठे कळतो हे बघायचं तर नंदुरबारच्या डोंगरात जा. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्राची 33 गावं आली. पूर्ण जलपातळी 138.68 मीटर. ती पातळी डोंगरउतारावर कुठून जाते ही रेघ कुणीतरी स्टाफ आणि लेव्हल, म्हणजे उंची मोजायची पट्टी आणि दुर्बीण, घेऊन ओढायची असते, आणि त्या रेघेच्या खालचं घर बुडितात, वरचं बाहेर. मणिबेलीपासून पुढच्या गावांत त्या रेघेवर माणसांचा जमिनीचा हक्क ठरला. उतार मंदावतो तिथे हात-दोन हात उंचीची चूक खपून गेली, तर एक अख्खा पाडा कागदावर कोरडा राहतो आणि पावसाळ्यात पाण्यात जातो.

त्याच सातपुड्यात 2006 च्या वनहक्क कायद्याखाली दावे मोजले गेले. तिथे मोजणी अनेकदा गावच्या वनहक्क समितीच्या हाती होती. धडगावकडे एका दाव्याच्या निमित्ताने मी एका पावरा आदिवासी मुलीबरोबर दिवसभर फिरलो. हातात जीपीएस, खांद्याला पिशवी. उतारावर दोरी टाकली की अंतर जास्त भरतं, नकाशाला मात्र सपाट अंतर लागतं, त्यामुळे ‘माझं शेत कागदावर कमी का’ हा प्रश्न प्रत्येक जण तिला विचारत होता. ती दर वेळी खाली बसून दोन काठ्यांनी ते समजावून सांगायची. प्रत्येक कोपऱ्यावर आधी शेजाऱ्याला हाक मारायची, तो आल्यावर त्याचा पाय कोपऱ्यावर ठेवायला लावायची, यंत्रावरचा आकडा स्थिर होईपर्यंत थांबायची, मग बटण दाबून तोच आकडा वहीत पेनाने लिहायची आणि शेजाऱ्याचा अंगठा घ्यायची. एका कोपऱ्यावर शेजारी मजुरीला गुजरातेत गेलेला होता. तिने त्या जागी वहीत रिकामी ओळ सोडली आणि तो दिवाळीला आल्यावर परत डोंगर चढून गेली. तो दावा उपविभागीय समितीपुढे गेला तेव्हा लगतच्या एकाही माणसाने हरकत घेतली नाही.