संत्री व्हॅलेन्सियाची, पाऊस कोल्हापूरचा

ऊस पाणी पितो, जमीन क्षारपड करतो; तेव्हा ऊस काढा आणि सेंद्रिय संत्री लावा, असा सल्ला कोल्हापुरात अधूनमधून दिला जातो. जोडीला स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचा दाखला असतो. व्हॅलेन्सियात बसून तो ऐकताना काळजी वाटते. इथल्या सेंद्रिय बागेचं निम्मं काम कोरडा उन्हाळा करतो, आणि नेमका तोच आपल्याकडे नाही.

इथे वर्षाला साधारण ४५० मिमी पाऊस पडतो. जुलै-ऑगस्ट जवळजवळ कोरडे जातात, त्यामुळे बुंध्याची साल ओली राहत नाही. कोल्हापूर शहरातच पाऊस हजार मिमीच्या घरात, गगनबावड्यात तर पाच हजारांवर, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. अशा ओलीत फायटोफ्थोरा बुरशीचं फावतं: बुंध्यावर डिंक्या, खाली मूळकूज. त्यावर सेंद्रिय शेतकऱ्याच्या हातात मुख्य औषध एकच, बोर्डो मिश्रण. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. मोरचुदात चौथा हिस्सा तांबं असतं. म्हणजे एकरी ४०० लिटर फवारलं की १ किलो तांबं रानात पडलं. युरोपीय संघाची मर्यादा ७ वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे वर्षाला एकरी सरासरी १.६ किलो. दुसऱ्या फवारणीलाच ती ओलांडली जाते आणि पाऊस अजून बाकी असतो. तांबं कुजत नाही, वाहूनही फारसं जात नाही. वरच्या थरात साठतं आणि गांडुळांच्या मुळावर येतं. अशा बागेला सेंद्रिय प्रमाणपत्र मिळेल, पण तिला शाश्वत कसं म्हणायचं? बोर्डो पेस्टचं तसं नाही. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी, पावसाळ्याआधी आणि नंतर बुंध्याला तीन फुटांपर्यंत. त्यात तांबं थोडकं लागतं, ती जरूर लावावी.

दुसरी अडचण ताणाची, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. इथे हिवाळ्याच्या थंडीनंच झाडाला फूल धरायची चाहूल लागते. आपल्याकडे आंबिया बहरासाठी, म्हणजे हिवाळ्याअखेर येणाऱ्या फुलांसाठी, डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून झाड ताणावर सोडावं लागतं: हलक्या जमिनीत महिनाभर, भारी काळ्या रानात दोन महिन्यांपर्यंत. पण शेजारच्या उसाला पाटानं पाणी चालू असेल तर बांधाखालून पाझर येतो आणि ताण बसतच नाही. फुलं तुरळक, फळं पुढेमागे. रासायनिक बागेत अशा वेळी वाढरोधक फवारतात. सेंद्रियमध्ये ती वाट बंद. म्हणजे एकट्यानं बाग लावून भागत नाही, वरच्या बांधाच्या शेतकऱ्यालाही ठिबकवर यावं लागतं.

खताचा हिशेबही मांडू. पूर्ण वाढलेल्या संत्र्याला वर्षाला ८०० ग्रॅम नत्राची शिफारस आहे. शेणखतात नत्र अर्धा टक्का धरलं तर झाडाला १६० किलो. ६ बाय ६ मीटरवर एकरात ११० झाडं, म्हणजे साडेसतरा टन. एक म्हैस रोज १५ किलो शेण देते. कुजून निम्मं उरलं तर वर्षाला पावणेतीन टन. एकराला सहा-सात म्हशी! आपला जिल्हा दुधाचा, त्यामुळे हे अशक्य नाही, पण दोन म्हशींच्या गोठ्यावर एक एकर निघत नाही. उरलेलं नत्र निंबोळी पेंड आणि ताग-धैंचा गाडून भरावं लागेल. खत बाहेरून ट्रकनं आणायचं तर मग उसानं काय बिघडवलं होतं?

शिरोळच्या क्षारपड रानासाठी संत्री सुचवणं तर मला सरळ चूक वाटतं. मातीच्या अर्काची ईसी, म्हणजे क्षारांचं माप, ३ डेसिसीमेन/मीटर झाली की उसाचं उत्पादन साधारण ८ टक्के घटतं, संत्र्याचं २० टक्क्यांच्या आसपास. ऊस जिथे थकला, तिथे संत्रं आधीच मेलेलं असेल. शिवाय २०१९ आणि २०२१ सारखा महापूर उसाचं नुकसान करतो. संत्र्याची मुळं काही दिवस पाण्याखाली राहिली तर अख्खी बाग जाते.

भावाचंही बोललं पाहिजे. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान भाव आहे, संत्र्याला नाही. बांगलादेशानं आयात शुल्क वाढवलं तेव्हा विदर्भाच्या संत्र्यानं काय सोसलं ते सगळ्यांनी पाहिलंय. व्हॅलेन्सियातही भाव खर्चाला पुरत नाही म्हणून हजारो हेक्टर बागा ओस पडल्यात. हा भाग व्हॅलेन्सियाचं उदाहरण देणारे सांगत नाहीत.

तरीही संत्र्याला पूर्ण नकार नाही. पाटपाण्याच्या उसापेक्षा त्याचं साधारण निम्म्या पाण्यात भागतं, आणि नवी बाग पहिली चार वर्षं तशीही फळ देत नाही, त्यामुळे सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी थांबायची तीन वर्षं त्यातच निघून जातात. कागल-हातकणंगल्याच्या मुरमाड माळावर, उताराला धरून दीड-दोन फूट उंच गादीवाफे, रंगपूर लिंबाच्या खुंटावर जमिनीपासून नऊ-दहा इंचांवर बांधलेली कलमं, खात्रीच्या रोपवाटिकेतली, कारण कलमातून पसरणाऱ्या ग्रीनिंग रोगाला उपाय नाही. सुरुवात दहा गुंठ्यांनी. पण कलमं सांगण्याआधी ऐन जुलैत रानात तीन फूट खड्डा काढा, पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी तळाला पाणी दिसलं तर त्या रानात संत्रं लावू नका.