झाड गाळणी खरंच, पण गाळ कुठे जातो?

‘झाडं लावा, आम्लवर्षेचा प्रश्न सुटेल’ हे वृक्षारोपणाच्या भाषणात खपून जातं. प्रत्यक्षात झाड हवेतून जे ओढून घेतं, ते त्याच्याच बुंध्याशी जमा होतं.

वेल्सच्या डोंगरांत हे नीट दिसलं. तिथे सिटका स्प्रूस या सुईसारख्या पानांच्या झाडाची दाट लागवड झाली. सुयांचा पसारा मोठा आणि बारमाही. धुकं, सल्फर डायऑक्साइड, अमोनिया सगळं त्यावर अडकतं, आणि धुक्याचा थेंब पावसापेक्षा जास्त आम्लधर्मी असतो. पुढची सर हे सगळं धुऊन खाली आणते. लिन ब्रियान धरणाच्या परिसरात माळरानातल्या ओढ्यांपेक्षा स्प्रूसखालचे ओढे जास्त आम्लधर्मी निघाले. ट्राउट मासे तिथून नाहीसेच झाले होते.

मासे मारतं ते मुख्यतः अॅल्युमिनियम. मातीच्या कणांना चिकटलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आम्लाला थोपवून धरतं. सल्फेट आणि नायट्रेट वाहताना तेच सोबत घेऊन जातात. हा साठा आटला आणि सामू (pH) 5 च्या खाली घसरला, की अॅल्युमिनियम विरघळून ओढ्यात उतरतं, माशांच्या कल्ल्यांवर बसतं. वर लाकूडतोडीत फांद्या-पानांसकट सगळं उचलून नेलं, तर उरलंसुरलं कॅल्शियमही गेलं.

झाडांवरून काय धुऊन येतं ते मोजायचं तर एक नरसाळं उघड्यावर आणि झाडांखाली किमान डझनभर, कारण दोन फांद्यांखालचं पाणीसुद्धा सारखं नसतं. तोंडाला जाळी हवीच. पक्ष्याची विष्ठा पडली की अमोनियम आणि फॉस्फेट फुगतं. तो नमुना सरळ फेकायचा.

मग आटलेला साठा भरायला चुना टाकायचा? जर्मनीत हेक्टरी साधारण 3 टन डोलोमाइट, म्हणजे मॅग्नेशियम असलेला चुनखडक, टाकतात. पण तो वरच्या थरातच राहतो, पालापाचोळा भराभर कुजतो आणि नायट्रेट सुटतं. अमेरिकेत न्यू हॅम्पशरमधल्या हबर्ड ब्रूक या प्रायोगिक जंगलात म्हणून 1999 मध्ये सुमारे 12 हेक्टर पाणलोटावर हेलिकॉप्टरनं वोलास्टोनाइट, म्हणजे कॅल्शियम सिलिकेट टाकलं. हे दगड झिजल्यासारखं हळू विरघळतं. तिथली शुगर मेपलची झाडं सावरली. पण दशकभरानं तिथूनही नायट्रेट वाहू लागलं. एकदा गेलेला साठा स्वस्तात परत येत नाही. आधी धुराड्यातलं सल्फर थांबवणं, हेच खरं.

आपल्याकडे धुळीतला चुना पावसातलं आम्ल बरंचसं मारतो. देशावरच्या काळ्या मातीत तर चुनखडीचे खडेच सापडतात. कोकणातल्या जांभ्याचं तसं नाही. लाखो वर्षांच्या पावसानं त्यातलं कॅल्शियम आधीच धुतलंय. तिथल्या जंगलातली माती तपासायला देताना सामूबरोबर विनिमयक्षम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेलं, कॅल्शियम आणि अॅल्युमिनियमही मागून घ्या. साठा निम्मा आटला तरी सामू बराच काळ जागचा हलत नाही.