२ स्टार आणि ‘खिशात हात घालून उभे होते’: आमचं उत्तर

ताई, नमस्कार. तुमच्या मुलाच्या पाचव्या वाढदिवसाला आमच्या जादूच्या खेळांनी तुमचं समाधान झालं नाही, त्याबद्दल माफी मागतो. हातात घेताच तुकडे होऊन लोंबणारी जादूची ‘मोडकी कांडी’ कडकन वाजली आणि धाकटी दचकून रडली, ती चूक पूर्णपणे आमची. दोन वर्षांच्या मुलांसमोर ती कांडी बाहेर काढायचीच नसते.

पण तुम्ही लिहिलंय, “२ तासांचे ४,५०० घेतले. त्यातली ३५ मिनिटं खिशात हात घालून भिंतीशी उभे होते. बाकी वेळ खाली बसून तेच तेच चार खेळ. नाण्याची जादू सांगूनही केली नाही.” पुढचं गिऱ्हाईक हेच वाचून फोन करायचा की नाही ते ठरवणार, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. राग मानू नका.

ती ३५ मिनिटं म्हणजे ७:५० ते ८:०५ केक आणि फोटो, आणि ८:०५ ते ८:२५ पावभाजी. केकच्या वेळी आम्ही जाणूनबुजून बाजूला होतो. त्या पंधरा मिनिटांत सगळ्या नजरा वाढदिवस असलेल्या मुलाकडेच हव्यात, जादूवाल्याकडे नाही. आणि खाताना लहान मुलांसमोर जादू करू नये, हा आमच्याकडचा पक्का नियम आहे. तोंडात पावाचा घास असताना मूल खदखदून हसलं की ठसका लागतो. शिवाय लोणी लागलेला हात स्पंजच्या बॉलला लागला की तो चिकट होतो, दाबल्यावर चटकन फुगत नाही, आणि पुढच्या ग्रुपमध्ये हमखास दगा देतो. साबणाच्या पाण्यात धुऊन रात्रभर वाळवल्याशिवाय तो कामाचा राहत नाही.

आता खिशातल्या हाताबद्दल. स्टेजवरच्या प्रयोगात, जादूगार रघुवीरांचे प्रयोग पाहिलेल्यांना आठवत असेल, सगळं सामान टेबलांवर आणि विंगेत मांडलेलं असतं. फिरत्या जादूत, म्हणजे एकेका ग्रुपपाशी जाऊन केलेल्या जादूत, टेबल नसतं, विंगही नसते. आमचे चार खिसे हेच काय ते स्टेज. एका ग्रुपचा खेळ संपला की चार बॉल, दोन ९ इंची रेशमी रुमाल आणि दोरी, सगळं आपापल्या जागी आणि ठरल्या घडीत परत जावं लागतं. कुठे काय असतं ते सांगणार नाही, तेवढं पोटाचं राहू द्या. रुमाल उलटा गेला तरी पुढच्या ग्रुपमध्ये मूठ उघडल्यावर काहीच निघत नाही. तेव्हा ‘खिशात हात’ दिसले ते रिकामे नव्हते, ताई.

खाली बसण्याचं कारण मुलांची उंची. चार-पाच वर्षांच्या मुलाची नजर साधारण मीटरभर उंचीवर असते. मोठ्या माणसाने उभं राहून छातीपाशी हात धरले तर मुलं खालून बघतात आणि तळहातामागे जे दिसू नये तेच आधी दिसतं. म्हणून गुडघे टेकायचे आणि हात मुलांच्या हनुवटीखाली ठेवायचे. मागे उभ्या पालकांना कमी दिसतं, मान्य. पण खेळ त्यांच्यासाठी नसतो. तुमच्याकडचे एक काका खांद्यावरून मोबाईल खाली घालून “अरे बघ, डाव्या हातात आहे” असं सांगत होते. त्यांना दोनदा हात जोडून विनंती केली, तिसऱ्यांदा आवाज थोडा चढला. तो चढायला नको होता.

चारच खेळ का, तर फोनवर वीस मुलं, वय ४ ते ८, असं ठरलं होतं. सहा-सहाच्या ग्रुपला सहा मिनिटं खेळ, दोन मिनिटं सामान लावायला. वीस मुलांचे चार ग्रुप म्हणजे ३२ मिनिटांत एक फेरी, आणि वेगळे खेळ घेऊन दुसरी फेरीही सहज होते. क्लब हाऊसमध्ये मुलं होती ४२. सात ग्रुप, ५६ मिनिटं, फक्त पहिली फेरी. हातात राहिली २९ मिनिटं, त्यात तीनच ग्रुपची दुसरी फेरी बसली. ‘तेच तेच’ वाटलं त्या मुलांना, जी पहिल्या ग्रुपनंतर शेपटासारखी मागे मागे फिरली. अशा मुलांना आम्ही फुंकर मारायचं काम देतो, नाहीतर शेवट आधीच ओरडून सांगतात.

पत्ते आणलेच नव्हते. चार वर्षांच्या मुलाला बदाम सत्ती लक्षात ठेवायला लावणं म्हणजे परीक्षा घेणं. त्याला रंग कळतो आणि आपल्याच मुठीत काहीतरी वाढलं ते कळतं. स्पंजच्या खेळातसुद्धा दोन इंचाचे बॉल त्या मुठीत मावत नाहीत, बोटांच्या फटीतून लाल दिसतो, म्हणून दीड इंची वापरतो. मूल घाईने मूठ उघडतं, त्यावर उपाय एकच: मूठ पालथी करून घ्यायची आणि दुसरा हात तिच्यावर झाकण म्हणून ठेवायला सांगायचं.

नाणं मात्र कितीही आग्रह झाला तरी काढलं नसतं. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासताना लहान तुकड्यांसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. तीत जे मावतं ते मुलाच्या घशात अडकू शकतं. दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं. समोर दोन-दोन वर्षांची चार-पाच मुलं बसली होती.

यापुढे बुकिंगच्या वेळी मुलांची संख्या, वयं, केकची आणि जेवणाची वेळ व्हॉट्सअॅपवर लिहून घेऊ, आणि आवाजाचंही बघू. पैशांबद्दल काही मनात असेल तर फोन करा, आम्ही दोनदा केला होता.

एक लाल स्पंज बॉल तुमच्याकडेच राहिलाय, बहुधा बर्थडे बॉयच्या खिशात. परत पाठवायची गरज नाही, त्याला खेळू दे. फक्त धाकटीच्या हाती लागू देऊ नका. दीड इंच दिसतो, पण दाबला की सुपारीएवढा होतो.