नवऱ्याची सही लागत नाही

सिझेरियनच्या संमतीपत्रावर नवऱ्याची सही असलीच पाहिजे, असं भारतातला कुठलाही कायदा म्हणत नाही. बाई सज्ञान आहे, शुद्धीवर आहे, तिला सगळं समजतंय, तर सही तिची. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय. त्यात पेशंट भुलीखाली असताना डॉक्टरांनी तिच्या आईला विचारून गर्भाशय काढलं होतं, आणि कोर्टाने ती परवानगी ग्राह्य धरली नाही. जिथे सख्ख्या आईची संमती चालली नाही, तिथे नवऱ्याच्या सहीवाचून काय अडतं?

हे आज लिहायचं कारण म्हणजे ओळखीतलं दोन मुलींचं जोडपं. गोव्यात फोंड्याला राहतात, बाळाचा विचार करतायत. मला वाटलं खर्चाचं विचारतील, नाहीतर घरच्यांना कसं सांगितलं ते. त्यांचा पहिला प्रश्न होता, "ताई, हॉस्पिटलात आम्ही एकमेकींच्या कोण म्हणून सांगायचं?"

आम्ही दोघी म्हापशाच्या जवळ राहतो. लेक आता बालवाडीत जाते. तिला जन्म माझ्या जोडीदारणीने दिला. मी तिची दुसरी आई.

कायद्याचं आधी सांगते, कारण त्यावर बरेच गैरसमज आहेत. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे २१ ते ५० वयाची बाई एकटीने उपचार घेऊ शकते, दात्याचे शुक्राणू वापरू शकते. म्हणजे आमच्यातल्या एकीला वाट मोकळी आहे, फक्त कागदावर ती एकटी असायला हवी. सरोगसी, म्हणजे दुसऱ्या बाईच्या पोटी आपलं मूल वाढवणं, आम्हाला बंद. दत्तक घ्यायचं तरी एकीनेच. समलिंगी लग्नाबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात दोघींनी मिळून दत्तक घेण्याचा मुद्दा तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळला गेला. तो निकाल मी ऑफिसात फोनवर वाचला आणि उरलेला दिवस कुणाशी बोलले नाही.

गोव्यात याला आणखी एक धार आहे. आपल्याकडच्या समान कुटुंब कायद्याचं कौतुक देशभर चालतं. त्यात मुलांचा वाटा राखीव असतो, आईबापांनी मनात आणलं तरी काढून घेता येत नाही. माझ्या लेकीला माझ्याकडून तो वाटा मिळत नाही, कारण कायद्याच्या नजरेत मी तिची कुणीच नाही. मृत्युपत्र केलंय. पण मूल नसलेल्या बाईच्या मालमत्तेत तिच्या आईवडिलांचा वाटा राखीव धरतात, त्यामुळे तिथेही माझा हात पूर्ण मोकळा नाही.

हे सगळं मला डॉक्टर बदलून देऊ शकत नाहीत. त्यांच्याकडून मी ते मागतही नाही. मागते ते वेगळं आहे. त्या महिन्यांत जे सगळ्यात जास्त लागलं, त्यातलं बरंचसं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नव्हतं.

प्रसूतीसाठी आम्ही एका खासगी हॉस्पिटलात नाव घातलं होतं. रात्री कळा सुरू झाल्या, बाळाचे ठोके मंदावले, सिझर करायचं ठरलं. जोडीदारीण पूर्ण शुद्धीवर होती, मला पेन मागत होती. काउंटरवरून प्रश्न आला, "घोव खंय?" म्हणजे नवरा कुठे? नाही म्हटल्यावर "मग रक्ताचं कोण?" मी म्हटलं, पेशंट स्वतः सही करतेय, आणि गेले सगळे महिने प्रत्येक तपासणीला मीच सोबत होते, फाइल बघा. फाइलवर माझ्या नावापुढे 'मैत्रीण' लिहिलेलं होतं, तेवढंच त्यांना दिसलं. शेवटी तिच्या मावसभावाला काणकोणहून बोलावलं. काणकोण ते म्हापसा, पावसाळ्यातली रात्र. बिचारा गाडी हाकत आला, काय ऑपरेशन आहे तेही त्याला नीट ठाऊक नव्हतं, त्याने सही केली आणि कागद पुढे सरकला. तोवर ती एकटी आत, मी बाहेर बाकावर. त्या सहीला कायद्यात काही किंमत नव्हती. सहीसाठी थांबवून ठेवलेल्या वेळेची किंमत मात्र आमच्या मुलीने मोजली असती. थोडक्यात निभावलं.

मला खात्री आहे की त्या काउंटरवरच्या माणसाला आमचा राग नव्हता. त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. शिकवतात काय, तेही बघा. समलिंगी संबंध गुन्हा नाही असं ठरवणारा ३७७ कलमाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वैद्यकीय अभ्यासक्रमातला समलिंगी लोकांबद्दलचा मजकूर सुधारायला लावला. आणि तरी ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या न्यायवैद्यक अभ्यासक्रमात दोन बायकांमधले संबंध 'अनैसर्गिक लैंगिक गुन्हे' या मथळ्याखाली परत आले. ओरड झाली, काही दिवसांत मागे घेतलं. पण ते लिहिणारे हात वैद्यकीय शिक्षणातलेच होते. अशा अभ्यासक्रमातून बाहेर पडलेल्या डॉक्टरला लेबर रूमबाहेर उभी असलेली मी काय वाटणार?

आता त्याच हॉस्पिटलातली दुसरी गोष्ट. लेक थोडी आधी आली, वजन कमी, म्हणून एनआयसीयूत, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात ठेवली. जोडीदारीण स्वतः टाक्यांमुळे उठू शकत नव्हती. तिथल्या सिस्टरने मला आत बोलावलं आणि म्हणाली, "हात कोपरापर्यंत धू, पुढून उघडणारा शर्ट घाल, बाळाला छातीशी घ्यायचंय." मी कोण, हे विचारलंच नाही. कांगारू पद्धतीत बाळाला हवी असते त्वचेची ऊब, आणि आई उठू शकत नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणी ती द्यावी, हे तिला पाठ होतं. दुसऱ्या दिवशी जोडीदारीण व्हीलचेअरवरून आली तेव्हा सिस्टर म्हणाली, "आता दोघींनी पाळ्या लावा, कोण आधी बसते?" हे वाक्य मी आयुष्यभर जपणार आहे. ती सिस्टर काही चळवळीतली नव्हती. आपलं काम तिला नीट येत होतं, एवढंच.

म्हणून 'आधी कायदा बदलू दे' हे उत्तर मला पटत नाही. स्वीडनमध्ये २००५ पासून दोन बायकांच्या जोडप्याला सरकारी दवाखान्यात गर्भधारणेचे उपचार मिळतात. नॉर्वे आणि इंग्लंडमध्ये २००९ पासून दोघींनाही जन्मापासून कायदेशीर पालक होता येतं. तरी तिथल्या आयांशी बोलून जे अभ्यास झाले, त्यांतही हेच येतं: वडिलांचा रकाना असलेले फॉर्म, 'तुमच्यातली खरी आई कोण?' हा प्रश्न, आणि जन्म न दिलेल्या आईला पाहुणीसारखं बाजूला बसवणं. कायदा झाला म्हणून दवाखान्यातली जीभ आपोआप बदलत नाही. मग कायदा व्हायच्या आधी ती बदलायला कुणाची परवानगी हवीय?

आपल्या देशातलीच एक विसंगती सांगते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कुणाही सज्ञान माणसाला आपला प्रतिनिधी नेमता येतं, नातं लागत नाही. लैंगिकतेवरून भेदभाव करायचा नाही, असंही त्यात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे उद्या मला नैराश्याने ग्रासलं तर माझ्या उपचारांबद्दल माझी जोडीदारीण माझ्या वतीने बोलू शकते. आणि तिला मूल होत असताना मी दाराबाहेर.

नैराश्याचं उगाच काढलं नाही. बाळंतपणानंतर तिला 'झोप लागते का, रडू येतं का' असं विचारलं गेलं, ते बरंच झालं. मला कुणी विचारलं नाही. मीही रात्र रात्र जागत होते, बाळ तिच्याकडे गेलं की शांत व्हायचं, आणि आपण या घरात नक्की कोण, असं वाटून न्हाणीघरात जाऊन रडत होते. हे बापांचंही होतं, त्यांनाही कुणी विचारत नाही. शेवटी लसीकरणाच्या दिवशी आरोग्य केंद्रातल्या एएनएमबाईंनी, म्हणजे नर्सबाईंनी विचारलं, "आणि तू जेवतेस की नाही गो?" मग माता-बाल कार्डावर माझा फोन नंबर लिहून घेतला. पुढच्या प्रत्येक लसीला फोन मलाच आला.

'मुलाला बाप नको का?' यावर मी थोडक्यातच बोलणार. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने २०२३ मध्ये समलिंगी जोडप्यांच्या लग्नाला आणि दत्तक घेण्याला जाहीर पाठिंबा दिला. मुलांचं मन ज्यांना कळतं त्यांचं मत हे आहे. वाद घालायचा असेल तर त्यांच्याशी घाला.

फोंड्याच्या त्या दोघींना मी सांगितलं ते असं. पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सरळ सांगा, आम्ही जोडपं आहोत. डॉक्टर खाली मान घालून गप्प झाले तर दुसरे शोधा, वेळ हातात असतो. सातव्या महिन्यातच केसपेपरवर लिहून घ्या की संमती पेशंट स्वतः देईल आणि सोबत अमुक व्यक्ती असेल, त्यावर डॉक्टरांची सही घ्या. जन्मदाखल्यासाठी बापाचं नाव सक्तीचं नाही. २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की अविवाहित आईला प्रतिज्ञापत्रावर दाखला द्यावा. तो निकाल छापून पिशवीत ठेवा, बाळाच्या दुपट्यांबरोबर.

आणि गोव्यात नर्सिंग शिकवणाऱ्या, लेबर रूम चालवणाऱ्या, ओपीडीचे फॉर्म छापून घेणाऱ्या ज्या कुणी हे वाचत असतील त्यांना: 'पतीचे नाव' याच्या जागी 'सोबतची व्यक्ती व नाते' छापायला पुढच्या छपाईची वाट बघावी लागेल, एवढंच. तुमच्या विद्यार्थिनींसमोर एक तास बोलायला मी यायला तयार आहे, पणजी, मडगाव, कुठेही, रजा टाकून. मेसेज करा.