वयात अंतर आहे म्हणून गप्प बसायचं?

गेले काही दिवस नातेवाइकांच्या, सोसायटीच्या आणि शाळेतल्या जुन्या मैत्रिणींच्या ग्रुपवर एक लांबलचक संदेश फिरतो आहे. लिहिणाऱ्याचं नाव नाही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: नवरा-बायकोच्या वयात दहा-पंधरा वर्षांचं अंतर असलं की एक वेळ येते, तेव्हा एकाला जवळीक हवी असते आणि दुसऱ्याचं शरीर साथ देत नाही. हा निसर्ग आहे, त्याला इलाज नाही. समजूतदार जोडीदाराने हा विषय काढूच नये, कारण काढला की मोठ्याचा मान दुखावतो आणि घरात संशय शिरतो. आपल्या आज्यांनी कधी तोंडातून शब्द काढला नाही म्हणून त्यांचे संसार टिकले. पन्नाशीनंतर मन देवाधर्मात आणि नातवंडांत रमवावं. खाली जोडलेले हात आणि 'अगदी खरं' असे प्रतिसाद.

माझ्यात आणि माझ्या नवऱ्यात चौदा वर्षांचं अंतर आहे. हा सल्ला मनापासून पाळणारी माणसं माझ्या ओळखीत आहेत आणि तो पाळता पाळता ती एकाच घरात किती एकटी पडली आहेत ते मी पाहते. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते आहे.

पहिला मुद्दा, अंतर असलं की गरजा जुळत नाहीतच. ब्रिटनमध्ये २०१० ते २०१२ दरम्यान १६ ते ७४ वयाच्या पंधरा हजारांहून अधिक लोकांची लैंगिक आरोग्याबद्दल मोठी पाहणी झाली. वर्षभर नात्यात असलेल्यांपैकी साधारण २३ टक्के पुरुषांनी आणि २७ टक्के बायकांनी सांगितलं की आपली आणि जोडीदाराची शरीरसंबंधांतली आवड सारखी नाही. त्यात सगळ्या प्रकारची जोडपी होती, वयाने बरोबरीची असलेलीही. म्हणजे हे न जुळणं चारातल्या एका घरात असतं, आणि त्यासाठी चौदा वर्षांचं अंतर लागत नाही.

शिवाय संदेशात दिशाही ठरलेली आहे: मोठा थकलेला, धाकटा भुकेला. प्रत्यक्षात तसंच होईल असं काही नाही. बाळ अंगावर पीत असताना बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी असतं, योनीला कोरडेपणा येतो, रात्रीची झोप मोडलेली असते. अशा तिशीतल्या बायकोला नको वाटतं आणि पंचेचाळिशीतल्या नवऱ्याला हवं असतं. बायको मोठी असेल तर पाळी जाण्याच्या काळात तिचं शरीर बदलत असतं आणि धाकट्या नवऱ्याला वाटतं, हिला आता मी आवडत नाही. दोघांच्या वयांची वजाबाकी करून यातलं काहीही कळत नाही.

दुसरा मुद्दा सगळ्यात घातक आहे: निसर्ग आहे, इलाज नाही.

पुरुषाच्या बाबतीत बघा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९८७ ते १९८९ या काळात ४० ते ७० वयाच्या पुरुषांचा अभ्यास झाला. त्यातल्या ५२ टक्क्यांनी लिंगाच्या ताठरतेची कमी-अधिक अडचण असल्याचं सांगितलं. पूर्ण असमर्थता मात्र चाळिशीत सुमारे पाच टक्के आणि सत्तरीत पंधरा टक्के होती. वय वाढतं तशी अडचण वाढते हे खरंच. पण वय म्हणजे नेमकं काय, हे विचारायला हवं. मधुमेहाने नसा आणि रक्तवाहिन्या दोन्ही खराब होतात. बीपीच्या काही गोळ्यांनी ताठरता कमी होते. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी इच्छाच मंदावते. प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या एका औषधानेही हे होऊ शकतं. यातलं बरंचसं डॉक्टर बदलून देऊ शकतात, मात्रा कमी करू शकतात, शुगर ताब्यात आणू शकतात. त्यासाठी आधी कोणीतरी डॉक्टरांना सांगितलं पाहिजे, आणि डॉक्टरांना सांगण्याआधी बायकोला.

लिंगाकडे रक्त नेणाऱ्या धमन्या जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या असतात, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. चरबी साचायला लागली की अडथळा आधी बारीक धमनीत जाणवतो. म्हणूनच ताठरतेची तक्रार ही पुष्कळदा हृदयविकाराची काही वर्षं आधी मिळालेली सूचना असते. 'वय झालं' म्हणून जो नवरा गप्प बसतो आणि 'त्यांना वाईट वाटेल' म्हणून जी बायको गप्प बसते, ते दोघं मिळून ही सूचना दडपतात. संदेश लिहिणाऱ्याला हे माहीत असतं तर त्याने तो लिहिला असता का?

गप्प बसण्याचा आणखी एक धोका आहे. विषय घरात काढायचा नाही म्हटल्यावर माणूस बाहेर चोरून उपाय शोधतो. मुताऱ्यांच्या भिंतींवर आणि एसटी स्टँडबाहेर 'गुप्तरोग, शर्तिया इलाज'च्या जाहिराती उगाच लागत नाहीत. कोणी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय सिल्डेनाफिलची, म्हणजे ताठरतेसाठीची, गोळी आणतो. हे औषध योग्य माणसाला योग्य मात्रेत उपयोगी आहे. पण छातीत दुखतं म्हणून जो सॉर्बिट्रेट किंवा तशी नायट्रेटची दुसरी गोळी घेतो, त्याने सिल्डेनाफिल घेतली तर रक्तदाब एकदम खाली येऊन जिवावर बेतू शकतं. उशीजवळ सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्या घरांत ही गोष्ट बायकोला माहीत असणं किती गरजेचं आहे! ती तिला कळणार कशी, विषयच काढायचा नसेल तर?

बायकांच्या बाजूला चुप्पी आणखी दाट आहे. पाळी जाताना इस्ट्रोजेन कमी होतं, योनीचं अस्तर पातळ आणि कोरडं होतं, संबंध दुखतात. बाई टाळायला लागते. टाळण्याचं कारण सांगत नाही, कारण दुखतं हे सांगणंही निर्लज्जपणाचं वाटतं. नवऱ्याला वाटतं, इच्छा गेली. वंगण म्हणून मिळणाऱ्या जेलने यात फरक पडतो. स्त्रीरोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने लावायचं इस्ट्रोजेनचं मलम त्याहून चांगलं काम करतं. इतक्या साध्या उपायावाचून बायका वर्षानुवर्षं सोसतात. अमेरिकेत ५७ ते ८५ वयाच्या लोकांची एक पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. पन्नाशीनंतर या विषयावर डॉक्टरांशी कधीतरी बोललो, असं सांगणारे पुरुष ३८ टक्के होते आणि बायका फक्त २२ टक्के. तिथे ही गत, तर आपल्याकडे जिथे तपासायला जाताना सोबत नणंद किंवा सासू असते तिथे काय होत असेल?

तिसरा मुद्दा आज्यांचा. आज्या बोलल्या नाहीत हे खरंच नाही. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं, दादाजी भिकाजी तेव्हा एकोणीस वर्षांचे. त्या नांदायला गेल्या नाहीत, म्हणून दादाजींनी १८८४ मध्ये मुंबईत दावा लावला. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली आणि त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. नको ते नको म्हणणं हेही बोलणंच आहे.

त्यानंतर चाळीस वर्षांनी, जुलै १९२७ मध्ये, रघुनाथ धोंडो कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. वाचक त्यांना शरीराबद्दलचे खाजगी प्रश्न लिहून पाठवत आणि कर्वे मराठीत सरळ उत्तरं छापत. या प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. खटला ते हरले. पण ते प्रश्न विचारणारी माणसं मराठी घरांतलीच होती, आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतली. त्यांना बोलायचं होतं. घरात बोलता आलं नाही म्हणून त्यांनी पोस्टाने विचारलं.

आणि टिकलेले संसार? बाईला माहेरी ठेवून घेत नव्हते, हातात पैसा नव्हता, दुसरं लग्न नव्हतं. बिजवराला दिलेली कोवळी मुलगी 'टिकली' याचा पुरावा म्हणून वापर करू नका. मी जे बोलते आहे ते दोन सज्ञान, राजीखुशीने एकत्र राहणाऱ्या माणसांबद्दल.

चौथा मुद्दा, मोठ्याचा मान दुखावतो. हा मुद्दा मी झटकणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. ज्याला इतकी वर्षं अहो-जाहो केलं, ज्याने बँकेचे व्यवहार केले, घराचे निर्णय घेतले, त्याला 'मला हे हवं आहे' किंवा 'मला हे नको आहे' म्हणताना जीभ अडते. समोरच्यालाही ते परीक्षेत नापास झाल्यासारखं लागतं. म्हणून कसं बोलायचं याला महत्त्व आहे.

आमच्या घरात पहिलं बोलणं अंथरुणावर झालं नाही, आणि ते बरं झालं. नकार मिळाल्या मिळाल्या काढलेला विषय हा जाब विचारणं ठरतो. आम्ही संध्याकाळी चालायला जातो, तेव्हा झालं. चालताना एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. मी 'तुम्ही हल्ली' असं सुरू केलं असतं तर ते तिथेच संपलं असतं. मी म्हटलं, "अहो, मला तुमचा स्पर्श हवासा वाटतो आणि तो हल्ली मिळत नाही." बरंच अंतर ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हात लावला की तुला पुढचं हवं असेल, आणि ते जमलं नाही तर? म्हणून मी हातच लावत नाही."

ही गोष्ट मला नंतर इतरांकडूनही ऐकायला मिळाली. पाठीवरून हात फिरवणं, शेजारी बसून खांद्यावर डोकं टेकणं, हे सगळं बंद होतं, कारण प्रत्येक स्पर्श आमंत्रण समजला जाईल अशी भीती असते. एकाला शरीरसंबंध नको असतो, दुसऱ्याला कधी कधी फक्त कुशी हवी असते, आणि न बोलल्यामुळे दोघंही दोन्ही गमावतात. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन लैंगिक संशोधकांनी १९७० मध्ये मांडलेल्या उपचारात सुरुवातीला जोडप्याला संभोग करायला मनाईच असते, नुसता स्पर्श करायचा. परीक्षा रद्द झाली की हात पुन्हा मोकळे होतात.

बोलणं म्हणजे मागणी वसूल करणं नव्हे, हेही इथेच सांगते. धाकट्याने 'माझं वय आहे' म्हणून दबाव आणायचा नाही, मोठ्याने 'मी तुला पोसतो' म्हणून. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात लैंगिक छळ हा हिंसेचाच एक प्रकार आहे. 'आज नको' हे उत्तर पूर्ण उत्तर आहे. ते दिल्यावर घरात अबोला होणार असेल, तर त्या घरात अजून बोलणं सुरू झालेलं नाही.

पाचवा मुद्दा संशयाचा. ज्या घरात काहीच सांगितलं जात नाही तिथेच माणूस फोन तपासत बसतो. यापेक्षा जास्त यावर बोलायची गरज मला वाटत नाही.

राहिली पन्नाशी. ज्या अमेरिकन पाहणीचा वर उल्लेख केला, तिच्यात ५७ ते ६४ वयाचे ७३ टक्के लोक लैंगिकदृष्ट्या सक्रिय होते, ६५ ते ७४ चे ५३ टक्के आणि ७५ ते ८५ चे २६ टक्के. इच्छा ओसरते, पण ठरावीक वाढदिवसाला विझत नाही. ज्याला देवाधर्मात रमायचं आहे त्याने जरूर रमावं. वारीला जाणाऱ्या बाईला नवऱ्याचा हात हवासा वाटत नाही असं कोणी ठरवलं?

यातली एक अडचण मात्र शरीराची नाही आणि मनाचीही नाही. मुलाचं लग्न झालं, सून आली की वन बीएचकेमधली बेडरूम नव्या जोडप्याला जाते आणि सासू-सासऱ्यांची गादी हॉलमध्ये येते. विशीत लग्न झालेली सासू तेव्हा पंचेचाळीस-सेहेचाळीसची असते, सासरे साठीचे. त्यांना बोलायलाही आडोसा उरत नाही, मग बाकीचं लांबच. घर लहान आहे हे मान्य. तरी आठवड्यातून एक संध्याकाळ मुलगा-सून बाहेर जाऊ शकतात, रविवारी दुपारी खोली आई-वडिलांना देता येते, आणि कारण न विचारता देता येते.