टूथलेस गेला, पण का गेला?

यंदा सुट्टीत लातूरला अक्काकडे उतरले. दुसऱ्याच रात्री तिचा अकरावीतला मुलगा आणि माझी लेक 'हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन'चा तिसरा, शेवटचा भाग लावून बसले. सिनेमा 2019 चा, दोघांचाही आधी पाहून झालेला. लेकीनं तो नॉर्वेत आम्ही राहतो त्या बर्गनच्या थिएटरात नॉर्वेजियनमधून पाहिला होता, यानं इथं मोबाइलवर हिंदीतून. (55 लाख लोकांचा देश लहान मुलांचे सिनेमे स्वतःच्या भाषेत करून घेतो आणि 8 कोटींच्या मराठीतलं पोर ड्रॅगनशी हिंदीत बोलतं, हे मला दर वेळी टोचतं. पण तो विषय वेगळा.)

शेवट आला, नायकानं टूथलेस नावाच्या आपल्या लाडक्या ड्रॅगनला सोडून दिलं आणि भाच्यानं रिमोट गादीवर टाकला. "मावशी, सोडलं कामून ओ त्यानं? एवढा जीव होता तर!"

भाऊजी म्हणाले, "अरे, सोडणं हेच खरं प्रेम. तुझ्या आजीनं मावशीला सोडलंच की नाही?" अक्काला ते पटलं नाही. माय खाली बसून शेंगा सोलत होती, ती काहीच बोलली नाही. जेवणं झाली तरी वाद चालूच होता, कारण तोवर तो ड्रॅगनचा राहिलाच नव्हता. आमच्याकडे हा वाद वर्षानुवर्षं चालतो. एक बाजू म्हणते, पोरांना मोकळं सोडावं, पंख फुटले की उडू द्यावं. दुसरी म्हणते, शिकून गेली ती गेलीच, गावाकडं वळून पाहत नाहीत. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात, आणि त्याचं कारण याच सिनेमात आहे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बर्क नावाच्या बेटावर व्हायकिंग लोक ड्रॅगन मारून जगतात. हिकप नावाचा किडकिडीत पोरगा एक ड्रॅगन, म्हणजे हाच टूथलेस, पाडतो, त्यात ड्रॅगनच्या शेपटीचा अर्धा पंख जातो. पुढं मारायला त्याचा हात उठत नाही. मग तोच त्याला कातडी आणि लोखंडाचा पंख करून देतो. तो पंख पाठीवर बसलेल्या माणसानं पायानं चालवायचा, म्हणजे टूथलेसला एकट्याला उडता येत नाही. 2010 च्या त्या पहिल्या भागाच्या शेवटी हिकपचाही एक पाय जातो. दोघं एकमेकांवाचून अपुरे.

पुढचं फार कमी जणांना आठवतं. 2011 मध्ये याच मालिकेतली एक छोटी फिल्म आली होती. तिच्यात हिकप टूथलेसला आपोआप चालणारी शेपटी भेट देतो. टूथलेस उडून येतो, आणि मग ती शेपटी स्वतःच मोडून टाकतो. त्याला हिकप पाठीवर हवा असतो. तिसऱ्या भागात हिकप पुन्हा तशीच शेपटी करतो आणि या वेळी टूथलेस ती ठेवून घेतो. मधल्या काळात दोघंही मोठे झालेत. शेपटी बसवून झाल्यावर तो उडतो, तेव्हा खाली उभ्या हिकपच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी ओळखते. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी बाबांच्या चेहऱ्यावर ते होतं.

लातूर पॅटर्न म्हणजे दुसरं काय आहे? पहाटेच्या बॅचा, सराव परीक्षा, खोली करून राहणारी खेड्यातली पोरं, डबा पोहोचवणारे बाप. आमच्या लोकांनी पोटाला चिमटा काढून आपोआप चालणाऱ्या शेपट्या घडवल्या. त्या उत्तम घडल्या, आणि पोरं पुण्याला, हैदराबादला, माझ्यासारखी बर्गनला गेली. मी त्या कष्टांपुढं नतमस्तक आहे. पण भाऊजींचं "सोडणं हेच खरं प्रेम" मला मान्य नाही.

कारण हिकप टूथलेसला सोडणं थोर असतं म्हणून सोडत नाही. बर्कवर आता माणसांसोबत राहणारे ड्रॅगन सुरक्षित राहिलेले नसतात. ग्रिमेल नावाचा शिकारी मागावर असतो, फौजा येत असतात, शेवटी सगळ्या गावालाच बेट सोडून दुसरीकडं जावं लागतं. आपल्या जगात यांना ठेवण्याची आपली लायकी अजून झालेली नाही, असं आता सरदार झालेल्या हिकपला कबूल करावं लागतं. शेवटी हिकपच्याच आवाजात ऐकू येतं की ड्रॅगन अजून आहेत, माणसं त्यांच्यासोबत शांततेनं राहू शकतील त्या दिवसाची वाट पाहत लपून आहेत. दोष स्पष्टपणे माणसांवर ठेवलाय. या ताटातुटीला त्याग म्हणून ओवाळायचं आणि दोष विसरायचा, हे मला खटकतं.

आमच्याकडे तेच होतं. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मराठवाड्याचा अनुशेष, म्हणजे विकासात राहिलेली तूट, हा शब्द मी शाळेत असल्यापासून ऐकतेय. तो मोजून भरून काढायला 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळ आलं, त्याची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. यावर घरात कुणी भांडत नाही. भांडण होतं ते पोर कृतज्ञ की कृतघ्न यावर.

मी राहते तो देशही एके काळी सोडून जाण्याचाच देश होता. 1825 पासूनच्या शंभर वर्षांत सुमारे 8 लाख नॉर्वेजियन उत्तर अमेरिकेला गेले, जमीन थोडी आणि तोंडं जास्त म्हणून. पुढं 1969 मध्ये समुद्रात तेल सापडलं, हे खरं. पण तेलाच्या पैशावर विसंबून ते बसले नाहीत. अगदी उत्तरेच्या फिनमार्क भागात राहून काम करणाऱ्याच्या शैक्षणिक कर्जाचा काही भाग 1990 पासून दरवर्षी माफ होतो, आयकरही कमी लागतो. त्यानं तिथली गळती थांबली असं नाही. पण पोरं का जातात, हा प्रश्न तिथं सरकारला विचारला जातो. आमच्याकडे तो आईबापाला आणि पोराला विचारला जातो.

गेल्या खेपेला गावच्या शाळेनं मला शाल-नारळ दिला. "हिच्यासारखं मोठं व्हा, बाहेर पडा," असं मुलांना सांगितलं गेलं. मी हात जोडून बसून राहिले. समोर सातवी-आठवीची पोरं मांडी घालून बसलेली, खिडकीतून टँकरपाशी लागलेल्या घागरी दिसत होत्या. इथं राहता येईल असं गाव मागा, एवढं तरी मी तिथं म्हणायला हवं होतं. या वेळी बोलावलं तर म्हणणार आहे.

सिनेमाच्या अगदी शेवटी काही वर्षांनी हिकप, दाढी वाढलेला, बायको आणि दोन मुलांना घेऊन बोटीतून ड्रॅगनांच्या दाराशी जातो. टूथलेस आधी ओळखत नाही, अंगावर येतो. हिकप पहिल्या भेटीतल्यासारखीच मान वळवून हात पुढं करतो. मग ओळख पटते, आणि सगळे मिळून उडतात.

तो प्रसंग संपल्यावर माय पहिल्यांदा बोलली. सुपातली टरफलं पाखडत म्हणाली, "भेटाया गेली ते बरं केलं. पर किती दिसाची सुट्टी होती म्हनं त्यायला?"

लेक म्हणाली, "आजी, ते दाखवत नाहीत."

माझी तीन आठवड्यांची होती.